एलवूडचा पत्र्याचा कारखाना (इंडियाना, १८९२) आणि वेल्सहून आलेले कामगार

कथील
मंडळी, जुन्या कारखान्यांच्या इतिहासावर इथे अधूनमधून चर्चा होते, पण टिनप्लेटवर कोणी लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, म्हणून धागा काढतोय. टिनप्लेट म्हणजे आपला साधा डब्याचा पत्रा. मधे पोलाद आणि दोन्ही बाजूंनी कथलाचा पातळ थर, म्हणजे गंजत नाही आणि खाण्याच्या वस्तूला लागला तरी चालतो.

१८९० पर्यंत जगातला हा पत्रा जवळजवळ सगळा ब्रिटनमधल्या साउथ वेल्समधून यायचा. लानेली, स्वॉन्झी आणि आजूबाजूच्या खोऱ्यांतली गावं यावरच जगत होती. आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं अमेरिका. पेनसिल्व्हेनियाचं रॉकेल, शिकागोचं डबाबंद मांस, कॅलिफोर्नियाची फळं, सगळ्याला डबे लागायचे आणि डब्यांचा पत्रा बोटीनं वेल्सहून. १८९१ मध्ये वेल्सनं साधारण ५ लाख ८६ हजार टन पत्रा बनवला, त्यातला सव्वातीन लाख टनांच्या आसपास एकट्या अमेरिकेनं उचलला. लोखंड आणि पोलाद स्वतः बनवणारा एवढा मोठा देश डब्याचा पत्रा मात्र बाहेरून आणत होता! १८७० च्या दशकात पेनसिल्व्हेनियात लीचबर्गला वगैरे प्रयत्न झाले होते, पण वेल्सच्या भावापुढे कोणी टिकलं नाही.

मग आला अमेरिकन संसदेतले खासदार मॅकिन्ली साहेबांचा १८९० चा जकातीचा कायदा. टिनप्लेटवरची जकात एक पौंड वजनाला १ सेंट होती ती २.२ सेंट केली, लागू १ जुलै १८९१ पासून. मधल्या महिन्यांत अमेरिकन व्यापाऱ्यांनी मिळेल तेवढा वेल्सचा माल भरून ठेवला. आणि कायद्यात एक अट घातली होती ती मला फार महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर १८९७ च्या आधी कुठल्या तरी एका वर्षात देशातलं उत्पादन आयातीच्या एक तृतीयांशाच्या वर गेलं नाही तर जकात पूर्ण रद्द. म्हणजे सहा वर्षांत करून दाखवा नाहीतर संपलं.

इंडियाना राज्यात एलवूड नावाचं गाव होतं, १८९० च्या जनगणनेत लोकसंख्या २,२८४. तिथे जमिनीखाली नैसर्गिक वायू सापडलेला, १८८६ नंतर त्या सगळ्या पट्ट्यात विहिरी खणल्या जात होत्या आणि गावं कारखानदारांना बोलावत होती की या, जमीन घ्या, गॅस फुकट जाळा. एलवूडला आधी काचेचा कारखाना आला, मग अमेरिकन टिन प्लेट कंपनी. त्यामागे रिचमंड, इंडियानाचे डॅनियल रीड आणि विल्यम लीड्स. १८९२ मध्ये कारखाना चालू झाला आणि सप्टेंबरमध्ये खुद्द मॅकिन्ली, तेव्हा ओहायोचे गव्हर्नर, तिथे भाषणाला आले. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर होती आणि अमेरिकेत टिनप्लेट बनू शकते की नाही हा चक्क प्रचाराचा मुद्दा झाला होता. एक बाजू म्हणायची सगळी थाप आहे, दुसरी बाजू अमेरिकन पत्र्याचे बिल्ले छातीला लावून फिरायची.

माझा मुद्दा असा, की या कारखान्याचा इतिहास कायमच मॅकिन्ली, रीड, लीड्स यांच्या नावानं सांगितला जातो. पण तो पत्रा लाटला कोणी? अमेरिकेत ते हस्तकौशल्य असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. रोलर (पत्रा रुळांतून काढणारा), डबलर (पत्र्याला घडी घालणारा), टिनमॅन (कथील चढवणारा) हे सगळे वेल्सहून आले, आणि आले कारण याच कायद्यानं त्यांच्या गावातल्या मिल बंद पडल्या. ज्या कायद्यानं पोटावर पाय दिला त्याच कायद्याचा कारखाना त्यांनी परदेशात उभा करून दिला. यावर बोलूया.

मीरा_के
छान विषय. कथीलदादा, एक प्राथमिक शंका. पत्रा लाटायला एवढं काय कौशल्य लागायचं? रोलर मशीनचे, माणूस नुसता आत सरकवणार ना? आणि कथलाचा थर म्हणजे आपल्याकडे कल्हई करायचे तसंच का?

पत्राकाम
मीराताई, मी डबे बनवण्याच्या धंद्यात आहे, आता सगळं इलेक्ट्रोलिटिक (विजेनं कथील चढवलेलं) आणि कॉइलमध्ये, म्हणजे गुंडाळीत येतं, पण जुन्या पद्धतीबद्दल आमच्या क्षेत्रातल्या जुन्या लोकांकडून पुष्कळ ऐकलंय आणि वाचलंयही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तेव्हा पत्रा एकेक लाटत नसत. पोलादाची पट्टी लालबुंद तापवायची, दोन रुळांमधून काढायची, लांब झाली की मधोमध घडी घालायची, परत भट्टीत, परत लाटायची, परत घडी. दोनाचे चार, चाराचे आठ. शेवटी आठ थर एकावर एक असा गठ्ठा लाटला जायचा, कारण एकटा एवढा पातळ पत्रा रुळांत धरताच येत नाही, लगेच गार होतो आणि फाटतो. एका मिलवर मुख्य चार जण. रोलर समोरून पत्रा आत द्यायचा, मागे उभा असलेला पोरगा तो चिमट्यानं पकडून वरच्या रुळावरून परत फेकायचा, भट्टीवाला तापवायचा आणि डबलर घडी घालायचा. घडी म्हणजे काय, चिमट्यानं तापलेल्या पत्र्याचं एक टोक उचलायचं, वळवायचं आणि पायानं दाबायचं! पायात जाड तळाचे लाकडी बूट, पुढे चामड्याचा एप्रन, गळ्यात घाम पुसायला फडकं. जमीनसुद्धा तापलेल्या लोखंडी पाट्यांची. किती तापवायचं हे रंगावर ओळखायचं, तेव्हा मोजायचं उपकरण नव्हतं. जास्त तापलं की आठही थर एकमेकांना चिकटून बसतात आणि सगळा गठ्ठा भंगारात, कमी तापलं की लाटला जात नाही. रुळांमधली फट स्क्रूनं कमीजास्त करायची तीही रोलरच्या अंदाजावर. ही गोष्ट पुस्तक वाचून येत नाही, पोरगा म्हणून मागे उभा राहून वर्षानुवर्षं शिकावी लागते.

मग ते आठ थर सुटे करायचे. वेल्समध्ये हे काम बहुतेक बायकांचं, हातात शिशाचा तुकडा घेऊन कोपऱ्यावर आपटायचा, कोपरा सुटला की पत्रा ओढून वेगळा करायचा. कडा धारदार असतात, हात कापायचे. पुढे सल्फ्युरिक अॅसिडमध्ये धुणं, बंद पेटीत तापवून हळूहळू गार करणं म्हणजे पत्रा मऊ पडतो, मग गार रुळांतून काढून गुळगुळीत करणं, परत एकदा तापवणं, परत सौम्य अॅसिड, आणि मग टिनहाउस, म्हणजे कथील चढवायचा विभाग.

कल्हईचं म्हणाल तर तत्त्व तेच. आपल्याकडे कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्यानं कथील पसरवतो, तिथे पत्राच वितळलेल्या कथलाच्या भांड्यात बुडवायचे आणि बाहेर काढताना पाम तेलातून, रुळांमधून काढायचे म्हणजे जास्तीचं कथील निथळतं आणि थर सारखा बसतो. पाम तेल पश्चिम आफ्रिकेतून यायचं. तेलकटपणा घालवायला पत्रे कोंड्यात घोळून पुसायचे. मग एकेक पत्रा उजेडात धरून निवडायचा आणि पेटीत भरायचा. १४ बाय २० इंचांचे ११२ पत्रे म्हणजे एक पेटी, आणि हे माप आमच्या धंद्यात बेस बॉक्स म्हणून आजही चालतं.

स्वॉन्झीकर
कामानिमित्त बरीच वर्षं स्वॉन्झीजवळ राहतो त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. लानेलीला इथले लोक अजूनही टिनोपोलिस, म्हणजे पत्र्याचं शहर म्हणतात. त्यांच्या रग्बीच्या जुन्या मैदानावर, स्ट्रेडी पार्कवर, गोलच्या खांबांच्या टोकांवर लाल सॉसपॅन बसवलेले असायचे, कारण या गावची ओळखच पत्र्याची भांडी. किडवेलीला जुन्या कारखान्याच्या जागेवर संग्रहालय उभारलं गेलं, तो कारखाना मूळचा १७३७ चा, तिथे हातानं पत्रा लाटायची मिल जागेवर ठेवलेली आहे. पत्राकाम यांनी लिहिलंय ते त्या मिलसमोर उभं राहिलं की कळतं. रूळ केवढे जाड आणि माणसाला उभं राहायला जागा केवढीशी!

जकात लागू झाल्यावर इथे जे झालं ते भयंकर होतं. गावात एकच कारखाना, त्यात बाप रोलर, मुलगा मागे, मुलगी पत्रे सुटे करायला. कारखाना बंद म्हणजे एका दिवसात घरातली सगळी कमाई बंद. १८९० च्या दशकाच्या मधल्या वर्षांत कितीतरी मिल थंड पडल्या होत्या, मजुरी कापली गेली आणि कामगारांची युनियन दशक संपायच्या आत मोडली. ज्यांना जमलं ते बोटीत बसले. पेनसिल्व्हेनियात न्यू कॅसल, ओहायोत मार्टिन्स फेरी, इंडियानात एलवूड. चॅपल, समूहगान आणि वेल्श भाषा सोबत नेली.

आणि फक्त कामगार गेले नाहीत बरं का. लानेलीची मोरवुड कंपनी, पत्र्यावरचं कथील रुळांनी निथळवायची युक्ती ज्यांच्या नावावर आहे तेच घराणं, त्यांनी एलवूडच्या जवळच गॅस सिटीला स्वतःचा कारखाना काढला. म्हणजे मालकालासुद्धा कळलं होतं की आता माल पाठवून भागणार नाही, जकातीच्या भिंतीच्या आत जाऊन बसावं लागेल.

पण एक सांगतो, वेल्सचा धंदा मेला नाही. नवी गिऱ्हाइकं शोधली, अतिपूर्वेतलं आणि रशियन तेल, घरचे डबे, आणि पहिल्या महायुद्धाच्या आधी उत्पादन १८९१ च्या पुढे गेलं होतं. त्यामुळे "अमेरिकेनं वेल्स संपवलं" हे इथे पबमध्ये ऐकू येतं ते पूर्ण खरं नाही. मात्र मधली दहा वर्षं ज्यांच्या वाट्याला आली त्यांना पुढच्या तेजीचा काय उपयोग.

अर्थमंथन
मला इथे थोडा वेगळा विचार मांडायचाय. कामगारांबद्दल सहानुभूती आहेच पण आकडे बघा. जून १८९२ ला संपलेल्या वर्षात अमेरिकेत टिनप्लेट बनली १ कोटी ३६ लाख पौंड, १८९७ ला संपलेल्या वर्षात ४४ कोटी पौंडांच्या वर. पाच वर्षांत! जकात १८९४ मध्ये १.२ सेंटवर आणली, तरी वाढ थांबली नाही. म्हणजे धोरण यशस्वी झालं असंच म्हणावं लागेल. बालउद्योगाला संरक्षण द्या, मुदत घाला, तो पायावर उभा राहतो. हे उदाहरण वर्गात शिकवायला हवं.

कथील
अर्थमंथन, आकडे बरोबर आहेत आणि मुदतीची अट मलाही शहाणपणाची वाटते, पण त्या आकड्यांच्या आत काय आहे ते बघायला हवं. सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकेत "बनलेल्या" टिनप्लेटचा मोठा भाग म्हणजे वेल्सहून आलेला काळा पत्रा, म्हणजे न मुलामा दिलेला, तो इथे नुसता कथलात बुडवला. कथील बाहेरचं, पाम तेल बाहेरचं, सुरुवातीची बरीच यंत्रंही बाहेरची आणि माणसं तर बाहेरचीच.

माणसांबद्दल तर कायदाच होता. १८८५ पासून परदेशातून करार करून मजूर आणायला अमेरिकेत बंदी होती. पण त्याच कायद्यात पळवाट ठेवलेली, की देशात अजून रुजलेला नाही अशा नव्या उद्योगासाठी कुशल कामगार आणता येईल. कुशल कारागिराशिवाय जकातीची भिंत कितीही उंच बांधली तरी आत पत्रा लाटला जात नाही, हे कायदा करणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी म्हणतो की यशाचं श्रेय देताना जकात, गॅस आणि वेल्श हात तिन्ही मोजा. तुमच्या वर्गात शिकवताना पहिलं तेवढं सांगितलं जातं.

आणखी एक. स्टँडर्ड ऑइल या अमेरिकेतल्या बलाढ्य रॉकेल कंपनीला या जकातीचा चटकाच बसला नाही. बाहेरून पत्रा आणून त्याचे डबे करून माल भरून परदेशी पाठवला तर भरलेल्या जकातीपैकी ९९ टक्के परत मिळायची. त्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या रॉकेलच्या डब्यांसाठी वेल्सचाच पत्रा चालू राहिला. जकात भरली ती घरी टोमॅटोचा डबा उघडणाऱ्या गिऱ्हाइकानं.

कोकणस्वारी
हे पूर्वेकडचे डबे म्हणजे आपल्याकडेच आले की! चौकोनी, पाच गॅलनचे, दोन डबे एका लाकडी खोक्यात असे अमेरिकन रॉकेल मुंबई बंदरात उतरायचे आणि तिथून सगळीकडे. आमच्याकडे कोकणात घासलेटचा डबा रिकामा झाल्यावर टाकून दिलाय असं कधी झालंच नाही. वर आडवी काठी ठोकली की विहिरीवरून पाणी आणायला, कापून सपाट केला की गोठ्याच्या छपराला, तुळस लावायला, तांदूळ ठेवायला, रेशनच्या दुकानात मापाला. माझ्या आजीच्या माळ्यावर असे दोन डबे होते, कडेला झाळलेली शिवण अजून घट्ट. मूळचे कितव्या सालचे होते कोण जाणे पण तळाला पत्रा अजून चकचकीत होता. हा पत्रा वेल्समधल्या कुठल्या तरी बाईनं हात कापून घेत सुटा केला असेल हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

टाटानगरी
कोकणस्वारीताई, तुमच्या डब्याची पुढची गोष्ट आमच्या गावची आहे. मी जमशेदपूरला वाढलो, गोलमुरीच्या टिनप्लेट कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ लावलं जायचं. टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया १९२० ची, बर्मा ऑइल आणि टाटा यांची. बर्मा ऑइलला आपल्या रॉकेलसाठी डबे लागायचे आणि पत्रा बाहेरून आणायला लागायचा, तर टाटांचं पोलाद शेजारीच होतं. आणि इथेही काय झालं असेल ओळखा, पत्रा लाटायला शिकवायला वेल्सहून माणसं आणली! पद्धत तीच, तापवा, लाटा, घडी घाला. मात्र आमच्याकडच्या उन्हाळ्यात.

१९२४ च्या पोलाद संरक्षण कायद्यात टिनप्लेटलाही जकातीचं संरक्षण मिळालं, म्हणजे अर्थमंथन म्हणतात तो प्रयोग आपल्याकडेही झाला. आणि १९२९ मध्ये गोलमुरीला मोठा संप झाला, सुभाषचंद्र बोस कामगारांच्या बाजूनं उभे राहिले. कित्येक महिने चालला. सरकारच्या जकातीच्या आडोशाला कंपनी उभी राहते तर त्या संरक्षणातला वाटा मजुराला का नाही, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता. कंपनी २०२४ मध्ये टाटा स्टीलमध्ये विलीन झाली, कारखाना चालू आहे.

अर्थमंथन
टाटानगरी, गोलमुरीचं हे माहीत नव्हतं, धन्यवाद. कथील, तुमचा काळ्या पत्र्याचा मुद्दा मान्य, पण दशकाच्या शेवटी काळा पत्राही तिथेच लाटला जात होता ना? मग वेल्श हात शिकवून मोकळे झाले आणि उद्योग स्वतःचा झाला, यात वाईट काय? शिवाय त्यांना तिथे मजुरी वेल्सपेक्षा कितीतरी जास्त मिळत होती.

कथील
हो, लाटला जात होता आणि मजुरीही चांगली होती. काही वर्षं. पुढे काय झालं तेही सांगतो कारण ते बहुतेक लोक सोडून देतात.

डिसेंबर १८९८ मध्ये रीड, लीड्स आणि शिकागोचे मूर बंधू यांनी देशातले जवळजवळ सगळे टिनप्लेट कारखाने एकत्र केले, ५ कोटी डॉलर भांडवलाची नवी अमेरिकन टिन प्लेट कंपनी. नाव एलवूडच्याच कंपनीचं घेतलं. ज्या जकातीनं बाहेरची स्पर्धा अडवली होती तिच्या आत आता घरची स्पर्धाही संपली. १९०१ मध्ये ही कंपनी यू. एस. स्टीलमध्ये गेली. लीड्स आधी फुलांच्या धंद्यात आणि रेल्वेत होता, तो 'टिनप्लेटचा राजा' होऊन १९०८ मध्ये पॅरिसला वारला, आणि त्याच्या विधवेनं पुढे ग्रीसच्या राजपुत्राशी लग्न केलं. एवढा पैसा त्या पातळ पत्र्यात होता.

आणि कामगार? त्यांची युनियन होती, लोखंड आणि पोलाद कामगारांची जुनी अमलगमेटेड, तिनं १८९७ मध्ये टिनवाल्यांना नावातसुद्धा सामील करून घेतलं. टिनप्लेटमध्ये ही युनियन सगळ्यात भक्कम होती कारण वेल्श रोलरशिवाय मिल चालत नव्हती. १९०१ मध्ये नव्या महाकंपनीशी पहिला संप झाला, हरले, कारखाने हातचे गेले. मग जून १९०९ मध्ये कंपनीनं नोटीस लावली की यापुढे युनियनशी करार नाही, ज्याला यायचं त्यानं एकट्यानं यावं. संप वर्षाच्या वर चालला, ऑगस्ट १९१० मध्ये मोडला, आणि त्या धंद्यातून युनियन गेली. मधल्या काळात नवी पोरं शिकून तयार झाली होती, यंत्रं सुधारली होती, आता वेल्श हातांची गरज उरली नव्हती.

अर्थमंथन, "शिकवून मोकळे झाले" हे तुमचे शब्द वाचून मला राहवलं नाही. वेल्समध्ये असताना त्यांच्या युनियनचा नियम होता, पाळीला ३६ पेट्यांच्या वर लाटायचं नाही. मालक त्याला आळस म्हणायचे. पण त्या भट्टीसमोर रोज उभं राहून माणूस म्हातारपणापर्यंत जगला पाहिजे यासाठी तो नियम होता. अमेरिकेत तो बांध आधी सैल झाला आणि मग गेला. जास्त मजुरी मिळाली ती जास्त पेट्या लाटून. कौशल्य त्यांनी दिलं आणि त्या कौशल्यावर जी सौदा करायची ताकद होती ती वीस वर्षांच्या आत काढून घेतली गेली. हिशोबात हेही धरा एवढंच माझं म्हणणं.

मीरा_के
सगळ्यांचे प्रतिसाद फार आवडले. मला त्या गॅसचं पुढे काय झालं ते विचारायचंय. फुकट गॅस किती वर्षं पुरला?

कथील
मीराताई, फार नाही. त्या पट्ट्यातल्या गावांत रस्त्यावर गॅसच्या मोठ्या मशाली दिवसासुद्धा जळत ठेवायचे, बाहेरून आलेल्या कारखानदारांना दाखवायला की बघा आमच्याकडे किती आहे. विझवायचे कष्टही घेत नसत. विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं सरेपर्यंत दाब संपला आणि कारखान्यांना कोळशावर जावं लागलं. एलवूड १९०० मध्ये १२,९५० पर्यंत वाढलं होतं, १९१० च्या जनगणनेत ११,०२८ वर आलं. १९४० मध्ये अध्यक्षपदासाठी रूझवेल्टविरुद्ध उभे राहिलेले वेंडेल विल्की याच गावचे, जन्म १८९२ चा, कारखाना चालू झाला त्याच वर्षीचा.

स्वॉन्झीकर
कथील, माझ्या इथल्या एका शेजाऱ्याच्या पणजोबांचा भाऊ "इंडियानात पत्र्याच्या कामाला" गेला एवढंच त्या घरात माहीत आहे, गावाचं नाव माहीत नाही. असा माणूस शोधायचा तर सुरुवात कुठून करावी?

कथील
अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेपासून. त्यात प्रत्येक माणसाचा जन्माचा देश, आईवडिलांचा जन्माचा देश, अमेरिकेत आल्याचं साल आणि व्यवसाय चारही रकाने आहेत. एलवूड मॅडिसन काउंटीत येतं, गॅस सिटी ग्रँट काउंटीत. जन्म वेल्स आणि आल्याचं साल १८९० ते १८९७ असे लोक काढा, आणि व्यवसायात रोलर, डबलर, टिनर, हीटर यातलं काही दिसलं तर ते पान बाजूला ठेवा. वेल्श लोकांत तीच ती आडनावं फार, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका, बायकोचं आणि मुलांची नावं जुळतात का बघा, मोठी मुलं वेल्समध्ये आणि धाकटी इंडियानात जन्मलेली असतील. सापडला तर इथे नाव न घालता फक्त काय काम करत होता तेवढं लिहा, मला ते वाचायला खरंच आवडेल.